पान पाचपासून

४ जानेवारी, रविवार. सकाळी १०.

दादा एकदा म्हणाला होता, "आधी नियम पूर्ण वाच, मग खेळायला बस." मी तेव्हा दहा वर्षांची. इतका नेमका सल्ला मला नंतर कोणीही दिलेला नाही.

खेळ म्हणजे भुयार. मूळ इंग्रजी नाव लांबलचक होतं, घरात सगळे भुयारच म्हणायचे. टेबलाभोवती बसायचं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापलं पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरायचं. कोणी तलवारवाला, कोणी चोर, कोणी मंत्र टाकणारी. समोर राक्षस आला तर काय करणार ते बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. दादा आणि त्याचे तीन मित्र दर रविवारी खेळायचे. नियमांचं पुस्तक म्हणजे एक झेरॉक्स, पिनांनी टाचलेली, पान पाच ते चौसष्ट. पहिली चार पानं नाहीत. तेव्हाची मशिनं तशीच होती.

मी डिक्शनरी घेऊन वाचायला बसले. चौदा महिने लागले. वाचून झालं तेव्हा दादा शिकायला बाहेरगावी गेला होता आणि त्या टेबलावर इस्त्री व्हायला लागली होती.

त्यामुळे अगदी खरंच सांगायचं तर मी भुयार कधी खेळलेले नाही. पण हा तपशील झाला. नियम माझ्याइतके कोणाला येतात?

संकल्प: या वर्षी भुयाराचा अस्सल रिमेक लिहायचा, म्हणजे नियमांचं पुस्तक नव्याने. जुनं ते जसंच्या तसं. मुदत ३१ मार्च. लेक जूनमध्ये कॉलेजसाठी दुसऱ्या शहरात जाणार, हॉस्टेलवर. त्याआधी तिच्याबरोबर एक पूर्ण डाव. सकाळी तिनेच विषय काढला. म्हणाली, आई, ते तुझं भुयार एकदा खेळू या ना, मी जायच्या आत. मी म्हटलं, नियम तर होऊ देत. ती म्हणाली, झेरॉक्स आहे की घरात. मी नुसती हसले. लहान आहे अजून.

११ जानेवारी

नेटवर सहज पाहिलं. भुयाराचे रिमेक आधीच निघालेले आहेत. सात. बरंच झालं, अभ्यासाला होतील.

१२ जानेवारी

एकोणीस.

१८ जानेवारी, रविवार

त्रेचाळीस. इथे थांबले, कारण मान धरली.

काय काय करतात लोक. एकाने कागद मुद्दाम पिवळा छापलाय आणि पान बारावर कपाच्या बुडाचा गोल डागही छापलाय. एकाने सगळा खेळ दोन पानांत बसवलाय. एकाचा चारशे पानांचा आहे, नाव 'सुटसुटीत'. एक तर रिमेकचा रिमेक आहे. का, तर अलीकडच्या रिमेकमध्ये पूर्वीच्या रिमेकची मजा राहिली नाही. प्रत्येकाच्या मागच्या पानावर दावा एकच: खरा जुना खेळ फक्त इथेच.

बिचारे.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. सगळे पान एकपासून सुरू होतात. म्हणजे पहिली चार पानं प्रत्येकाने पदरची घातलीत. ती मी वाचतच नाही. माझी आवृत्ती पान पाचपासून सुरू होईल. एवढा प्रामाणिकपणा त्रेचाळिसांत एकाकडेही नाही.

२५ जानेवारी

बैठकीच्या खोलीत तक्ता लावला. आडवे रिमेक, उभे नियम, चौकोनांत फरक. नवऱ्याने विचारलं, भिंतीला ओल आली का? मी म्हटलं, अभ्यास आहे. तो म्हणाला, ओल परवडली असती.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आमच्या लॅबमध्ये दात बनतात. दाताचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवतात, आम्ही त्यावरून कॅप नाहीतर कवळी करून देतो. समोरच्या टेबलावर मेणकाम करणाऱ्या ताई आहेत, तीस वर्षं तेच करतायत. डबा खाताना त्यांना सगळं समजावून सांगितलं. रिमेक म्हणजे काय, अस्सल म्हणजे काय. ताई शेवटचा घास गिळून म्हणाल्या, म्हणजे एकूण काय, जुन्या कवळीचा साचा घ्यायचा आणि नवी कवळी करायची. मी म्हटलं, छे, यात इतिहास आहे. त्या म्हणाल्या, कवळीत पण असतो बाई. आणि घालून बघितली का कोणी? मी म्हटलं, पॉलिश राहिलंय अजून. त्या म्हणाल्या, बोचते कुठे ते पॉलिश करून कळत नाही गं, चावल्यावर कळतं.

मेणात काम करणाऱ्यांना एकूण चित्र दिसत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

लेकीने दोन मैत्रिणी आणल्या. तिघी पेन्सिली घेऊन टेबलाशी बसल्यासुद्धा. मला भरून आलं. पण जखम भरण्याचा नियम अजून ठरलेला नाही. त्रेचाळीस रिमेकमध्ये त्याच्या अकरा पद्धती आहेत. खेळाडू जखमी झाला तर तो किती दिवसांत बरा होतो हे ठाऊक नसताना त्याला भुयारात पाठवायचं, हा बेजबाबदारपणा झाला. मी म्हटलं, आपण मिळून ठरवू. अकराही वाचून दाखवायला घेतल्या.

चौथ्या पद्धतीला एका मैत्रिणीला तिच्या आईचा फोन आला. वाजलेला मी ऐकला नाही, पण हल्ली सगळ्यांचे व्हायब्रेटवर असतात. सातवीला दुसरी पहिलीला सोडायला गेली. लेक अकरावीपर्यंत बसली. मग म्हणाली, आई, समजा कोणी जखमी झालंच नाही तर?

असं कसं होईल.

निष्कर्ष: तरुण पिढीत उत्सुकता आहे, दम नाही.

९ मार्च

फासे विकत घेण्यात अर्थ नाही, सगळे रिमेकच. मी लॅबमध्ये केले. वीस बाजूंचे दोन, हिरड्यांच्या गुलाबी मटेरियलचे, त्यावर आकडे दातांच्या रंगात. कवळ्यांबरोबर गरम पाण्याच्या भांड्यात शिजत ठेवले. मालकांनी भांड्याचं झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग शांतपणे विचारलं, हे कोणाच्या तोंडात जाणार आहे? मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, मॅडम, रजा घ्या थोडी.

घरी टाकून पाहिले. एकावर दर वेळी तीन पडतात, दुसरा टेबलावरून पळतो. म्हणजे एक नक्की बरोबर आहे.

३१ मार्च, मंगळवार

मुदत. पानं झाली दोनशे बारा. मूळ साठ होती. कारण साधं आहे: प्रत्येक नियमाखाली इतरांनी तो कसा बिघडवला याची टीप आहे. वगळता येत नाही. नवी मुदत ३० एप्रिल.

लेकीला सांगितलं. कॅलेंडरवर तिने पेन्सिलीने काढलेला गोल खोडला, पान उलटलं, तिथे नवा काढला. समजूतदार झालीय. नवरा म्हणाला, ती गाडीत बसेल ना, तेव्हा तू खिडकीतून तिला परिशिष्ट वाचून दाखवशील.

परिशिष्टाचं याला कोणी सांगितलं?

५ एप्रिल

संकल्प: आता नवे रिमेक शोधायचे नाहीत.

६ एप्रिल

शोधले नाहीत. आपोआप दिसले. अठ्ठावन्न.

१९ एप्रिल

एकाहत्तर. त्यातल्या एकाचं नाव मी ठरवलेलंच. तारीख पाहिली, त्याने सहा वर्षांपूर्वी ठरवलंय. तरी माझंच मूळ, कारण मी न बघता ठरवलं होतं. नाव बदललं.

तक्ता आता दारावरून वळून पॅसेजमध्ये गेलाय.

३० एप्रिल

मान. डॉक्टर म्हणाले, खाली बघून काय काम करता? मी म्हटलं, दात. ते म्हणाले, आणि घरी? मी म्हटलं, तेच समजा. पट्टा दिलाय. नवी मुदत ३१ मे. कॅलेंडरवर लेकीने या वेळी गोल काढलेला दिसला नाही. विसरली असेल, परीक्षा चालू आहे.

१० मे, रविवार. दुपारी ३.

लेक येऊन समोर बसली. माझ्यापुढची झेरॉक्स उचलून बाजूला ठेवली. म्हणाली, आई, नियम राहू देत आज. तू नुसतं सांग, मी कुठे आहे.

मी म्हटलं, एका बोळात. भिंतींना ओल आहे. समोर लाकडी दार.

ती म्हणाली, दार उघडते.

आता दार हा साधा विषय नाही. दार अडकलंय, कुलूप आहे की ते चोरदार आहे, यावर फासा टाकावा लागतो. तो कोणता, यात सोळा रिमेकचं एक मत आणि बाकीच्यांचं दुसरं. मी म्हटलं, थांब हं. ती म्हणाली, थांबले. मी माझं बाड उघडलं. ती परत म्हणाली, आई, दार उघडते गं. मी म्हटलं, पान अठ्ठ्याऐंशी, आलंच. मग तिने विचारलं, आत उजेड आहे का? आवाज निराळा होता. लहानपणी गोष्ट ऐकताना व्हायचा तसा, अर्धा श्वासातला. मी म्हटलं, ते दार उघडल्यावर कळेल.

सापडलं तेव्हा मान वर केली. खुर्ची रिकामी. ती आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती.

नोंद: पहिली चाचणी झाली. दहा मिनिटं. कुठेही अडलं नाही.

३१ मे

परिशिष्ट तीन चालू आहे.

७ जून, रविवार

तिचा इथला शेवटचा रविवार. मैत्रिणी सिनेमाला चालल्या होत्या, त्यांना नाही म्हणाली. मला म्हणाली, आजचा दिवस तुझा.

परिशिष्टाची चारच पानं राहिली होती. मी म्हटलं, शनिवारी खेळू, छान बाइंड केलेल्या पुस्तकातून. कच्च्या बाडातून तुझ्याशी खेळणं बरं दिसत नाही. ती म्हणाली, बरं. आणि मग गेली नाही, माझ्याजवळच बसली. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी मिळून पानं क्रमाने लावली. मध्ये एकदा तिने माझा मानेचा पट्टा सैल करून दिला.

फार चांगला दिवस गेला. पान एकशे चाळीस दोनदा आलंय.

१२ जून, शुक्रवार

बाइंडिंगवाला म्हणाला, उद्या संध्याकाळी सात. मी म्हटलं, सकाळी हवं. तो म्हणाला, बाई, लग्नाचं आहे का? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग सात.

१३ जून, शनिवार

सातला मिळालं. दोनशे सव्वीस पानं, कडक पुठ्ठा. धावत घरी आले. लेक बॅगा बांधून, बाहेरच्याच कपड्यांत, डोक्याखाली हात घेऊन झोपली होती. सकाळी लवकरची गाडी. नवरा म्हणाला, साडेसहापर्यंत टेबलाशी बसून होती.

उठवलं नाही. झोप महत्त्वाची.

१४ जून, रविवार

गेली. प्लॅटफॉर्मवर पुस्तक दिलं. तिने उलटंसुलटं करून पाहिलं, पानांचा वास घेतला आणि माझ्या हातात परत ठेवलं. म्हणाली, राहू दे आई, तुला दुरुस्त्या करायच्या असतील.

किती ओळखते मला.

परत येताना पुस्तक नवऱ्याने धरलं. माझ्या डोळ्यांत काही गेलं होतं. स्टेशनवर वारं फार.

२१ जून, रविवार

रिमेक करणाऱ्यांचा नेटवर एक ग्रुप आहे. तिथे माझी आवृत्ती टाकली. दिवसभरात एकच माणूस बोलला. त्याने विचारलं, पहिली चार पानं कुठे आहेत? मी अभिमानाने सगळं लिहिलं: झेरॉक्स, निष्ठा, पान पाच. त्याचं उत्तर आलं, मग खेळाडूंना कळणार कसं, की त्यांनी वाचायचं नाहीये?

काहीतरी बोलतात लोक, म्हणून मी एक रिमेक पान एकपासून उघडला. मग दुसरा. मग सगळे, जेवायला न उठता.

पान तीन. शब्द थोडे इकडेतिकडे, मजकूर हाच: तुम्ही खेळाडू असाल तर इथेच थांबा. पुढचं फक्त गोष्ट सांगणाऱ्यासाठी आहे. तुम्हाला काहीही माहीत असण्याची गरज नाही. या, बसा.

एकाहत्तरपैकी एकाहत्तर. दोन पानी रिमेकमध्येही पहिली ओळ हीच आहे. सगळ्यांचं एकमत असलेला हा एवढाच नियम. तक्त्यात लिहायला गेले, तर त्याला चौकोन नाही. तक्ता पान पाचपासून सुरू होतो.

२२ जून, सोमवार

दादाला फोन केला. वर्षातून दोनदा बोलतो आम्ही, त्यामुळे आधी त्याने कोण आजारी आहे का विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही, त्या झेरॉक्सची पहिली चार पानं कुठे गेली? तो म्हणाला, कुठली झेरॉक्स? मग आठवली. हसायला लागला. म्हणाला, अगं, ती चार पानं मीच काढून ठेवली होती! आम्ही चौघं, खुर्च्या चार. तू सारखी मागे, मला घे, मला घे. नाही म्हटलं असतं तर रडून घर डोक्यावर घेतलं असतंस. म्हणून म्हटलं, नियम वाच. वाटलं, दोन दिवसांत कंटाळशील.

मी म्हटलं, अस्सं.

तो म्हणाला, तू काय खरंच वाचलंस की काय सगळं?

मी म्हटलं, हो.

मग तो हसला नाही. म्हणाला, पोर पोचली का नीट हॉस्टेलवर? मी म्हटलं, पोचली. तो म्हणाला, बरं झालं. फोन ठेवायला त्यालाही सुचेना, मलाही.

मला अजिबात वाईट वाटलेलं नाही. त्याची अडचण मी समजू शकते. खुर्च्या चारच होत्या. स्वयंपाकघरात एक स्टूल होतं, पण ते उंच होतं.

२४ जून

एका पेशंटच्या पुढच्या दोन दातांना दोन वेगळ्या शेड लावल्या. तीस वर्षांच्या माणसाला एक दात तिशीचा, एक साठीचा. ताईंनी दात माझ्या हातातून काढून घेतले. म्हणाल्या, बस जरा. मी बसलेलीच होते.

२८ जून, रविवार

तक्ता काढला. भिंतीला खरंच ओल आलीय.

५ जुलै, रविवार

लेकीचा फोन. आवाजात उत्साह. म्हणाली, आई, आम्ही भुयार खेळतो इथे! पाच जणी. मीच गोष्ट सांगते. मी विचारलं, कुठला रिमेक? ती म्हणाली, कुठलाच नाही. एका पाकिटाच्या मागे तीन ओळी लिहिल्यात. काय करतेस ते सांग. शंका आली तर फासा टाक. दुसरी बोलत असताना मोबाइल बघू नकोस.

म्हणजे हा बहात्तरावा.

मी म्हटलं, आणि जखम? जखमेचं काहीच नाही यात. ती म्हणाली, कोणाला लागलं की आम्ही बाकीच्या थांबतो तिच्यासाठी. मी विचारलं, किती वेळ? ती म्हणाली, आई, थांबतो गं. किती वेळ काय.

मागून कोणीतरी तिला हाक मारली, माझी मांत्रिक अजून विहिरीत लटकतेय, ये ना! ती म्हणाली, ठेवते हं. आणि ठेवला.

१२ जुलै, रविवार. सकाळी ९.

संकल्प नाही.

लेकीला मेसेज लिहितेय. पहिला मसुदा दोन पानी झाला, टिपांसकट. दुसऱ्यात तिच्या तीन ओळींवर एक सूचना होती, फक्त एक, पण होती. तोही पुसला. नवरा चहा ठेवून गेला. जाताना म्हणाला, काय ते बोल की सरळ.

नाही म्हणेल ती. हॉस्टेलची खोली, पाच मुली, आणि त्यात एकीची आई फोनवर. कोणाला आवडेल? सरळ नाही म्हणायची नाही, तोडून बोलणं तिच्या स्वभावात नाही. म्हणेल, टेस्ट होऊ दे. मग म्हणेल, जरा बस्तान बसू दे. मग म्हणेल, सुट्टीत बघू. मनात एखादी तारीख धरेल आणि पुढे ढकलेल. कोणाकडून शिकली, ते मला विचारायला नको.

तरी पाठवते आहे. चौथा मसुदा, एवढाच:

संध्याकाळी खेळायला बसाल तेव्हा मला फोन लावून ठेवशील? कुठलंही पात्र दे, पहिल्या दहा मिनिटांत मरणारं चालेल. मी मध्ये बोलणार नाही. आणि मला हा खेळ येत नाही, हे मैत्रिणींना आधीच सांगून ठेवशील का?